वॉर्डात शिकवणारीचं नाव करारात येऊ द्या

नांदेड किंवा लातूरमधल्या कोणत्याही नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात जा, प्राचार्यांच्या कपाटात 'क्लिनिकल परवानगी' नावाची एक फाईल हमखास सापडेल. तीत रुग्णालयाचं एक-दीड पानी पत्र असतं. किती विद्यार्थिनी येणार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दर विद्यार्थिनीमागे किती शुल्क भरायचं, साहित्याची मोडतोड झाली तर भरपाई कोणी द्यायची, ॲप्रन आणि ओळखपत्र सक्तीचं, एवढं सगळं त्यात लिहिलेलं असतं. वॉर्डात त्या मुलींना शिकवणार कोण, काय शिकवणार आणि शिकवायला तिला वेळ कुठून मिळणार, याबद्दलची एक ओळ मी आजवर अशा पत्रात वाचलेली नाही.

मी नर्सिंगची पाठ्यनिर्देशिका आहे. त्याआधी बरीच वर्षं सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिका म्हणून काम केलं. त्यामुळे पोरी पाठवणाऱ्यांची बाजू मला माहीत आहे आणि त्यांना वॉर्डात सामावून घेणाऱ्यांचीही. या दोन बाजूंचं नातं आपल्या भागात परवानगीपुरतं उरलं आहे. कॉलेज मागतं, रुग्णालय देतं, शुल्क भरलं जातं आणि विषय संपतो. याला भागीदारी म्हणता येत नाही. भागीदारी व्हायची असेल तर करार वॉर्डापर्यंत उतरला पाहिजे, खाटेशेजारी शिकवणाऱ्या सिस्टरचं नाव, वेळ आणि मोबदला त्यात आला पाहिजे, आणि या व्यवहारातून रुग्णालयालाही काही मिळालं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते आग्रहाचं आहे.

आपल्याकडची रचना आधी समजून घेऊ. नांदेडजवळच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, १९९४ साली स्थापन झालेलं. त्याच विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं मोठं रुग्णालय आहे. दोघं शेजारी, पण आरोग्यशिक्षणाशी या विद्यापीठाचा संबंध नाही. १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला झालं आणि वैद्यकीय, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी असे सगळे पदवी अभ्यासक्रम तिकडे गेले. जीएनएम आणि एएनएम या नर्सिंगच्या पदवीखालच्या अभ्यासक्रमांच्या परीक्षा मुंबईच्या मंडळाकडे. विष्णुपुरीचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं. नांदेड शहरातलं श्री गुरू गोविंदसिंघजी स्मारक जिल्हा रुग्णालय आणि श्यामनगरचं स्त्री रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची. म्हणजे एका मुलीनं मेडिसिन, बाळंतपण आणि गावपातळीवरचं काम शिकायचं म्हटलं, की तिच्या कॉलेजला तीन वेगवेगळ्या साहेबांच्या सह्या घ्याव्या लागतात. ती नीट शिकली की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र त्यांतल्या एकाचीही नाही.

लातूरची गोष्ट आणखी वेगळी. २००२ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आज ते विलासराव देशमुखांच्या नावानं ओळखलं जातं. होतं ते जिल्हा रुग्णालय त्यात विलीन झालं. महाविद्यालय मिळालं याचा आनंद मोठा होता, पण स्वतंत्र जिल्हा रुग्णालयाची मागणी लातूरकरांना पुढे वर्षानुवर्षं करावी लागली. शहरात नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद, होमिओपॅथीची कॉलेजं वाढत गेली, खाटा त्या वेगानं वाढल्या नाहीत. मग सगळ्यांची पावलं त्याच त्या वॉर्डांकडे वळली.

सकाळी आठला एखाद्या फिमेल मेडिसिन वॉर्डात उभं राहून पाहावं. नाइटची सिस्टर मॉर्निंगला ओव्हर देत असते. तेवढ्यात एका कॉलेजच्या निळ्या ड्रेसमधल्या पोरी येतात, मागोमाग दुसऱ्या कॉलेजच्या गुलाबी, तोवर एमबीबीएसचे विद्यार्थी सरांच्या राउंडसाठी जमलेले असतात. दोन खाटांमधून ट्रॉली निघायला जागा राहत नाही. बीपीचं मशीन एक, ते मागणारे हात दहा. एकाच आजीचं बीपी सकाळच्या दोन तासांत पाच जणी घेतात आणि पाचही जणी आपापल्या वहीत लिहितात. आजी सहाव्या वेळी हात पुढे करते आणि विचारते, "माय, लई वाढलंय का माझं?" तिला उत्तर द्यायला कोणी थांबत नाही, कारण वही पूर्ण करायची असते. भारतीय परिचर्या परिषदेचा नियम एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असा आहे. कागदावर तो पाळलेला असतो, कारण प्रत्येक कॉलेज आपापल्या मुली त्याच खाटांनी भागतं. बाकीच्या कॉलेजांच्या मुलींची बेरीज कोणीच करत नाही.

आता वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची, म्हणजे परिसेविकेची बाजू. तिच्या हाताखाली जेवढ्या सिस्टर असायला हव्यात तेवढ्या कधीच नसतात. स्टॉक तिच्या नावावर. थर्मामीटर फुटला, ग्लुकोमीटर हरवला तर जाब तिला द्यावा लागतो. विद्यार्थिनीनं चुकीचं इंजेक्शन दिलं तर चौकशीला तिनंच उभं राहायचं. तिला न विचारता साहेबांनी परवानगी दिलेली असते, आणि मुलींमागे भरलेलं शुल्क कुठे जातं हे तिला माहीत नसतं. मग ती म्हणते, "पोरींनो, लांबून बघा, हात लावू नका." या वाक्यावर कॉलेजवाले चिडतात. मला त्या सिस्टरचा राग येत नाही. तिच्या जागी उभी राहिलेली कोणतीही बाई हेच म्हणेल.

पण हात न लावता हे काम येत नाही. एक उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगते. पावसाळा सुरू झाला, पेरण्या लागल्या, की आपल्या भागात साप चावल्याचे रुग्ण वाढतात. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायची चाचणी अगदी साधी आहे. शिरेतून दोन मिली रक्त घ्यायचं, काचेच्या कोऱ्या, कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये सोडायचं, ट्यूब वीस मिनिटं अजिबात हलवायची नाही आणि मग हळूच आडवी करायची. रक्त जमून जागेवर राहिलं तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगायचं, कारण सर्पविषावरच्या लसीचा निर्णय त्यावर असतो. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. वॉर्डात काय होतं? ट्यूब प्लॅस्टिकची घेतली जाते, आणि प्लॅस्टिकमध्ये चांगलं रक्तही नीट गोठत नाही. काचेची मिळाली तर ती साबणानं धुतलेली असते, त्यानंही निकाल चुकतो. कोणीतरी दहाव्या मिनिटाला उत्सुकतेनं ट्यूब उचलून बघतं. नातेवाईक टेबलाला धक्का देतात. वेळ कुणी टिपलेली नसते. जुनी सिस्टर मात्र ट्यूबवर चिकटपट्टी लावून त्यावर वेळ लिहिते, ट्यूब खिडकीजवळच्या कोपऱ्यात सगळ्यांच्या हातापासून लांब ठेवते, आणि त्या वीस मिनिटांत रुग्णाच्या हिरड्यांतून रक्त येतंय का, लघवीचा रंग कसा आहे, पापण्या जड होतायत का, हे पाहत राहते. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे नुसतं पोट दुखतंय म्हणून आला, तरी मण्यारीची शंका तिला येते. हे सगळं एका मुलीला शिकवायला तिला अर्धा तास लागेल. तो अर्धा तास तिच्या ड्युटीत कुठेच धरलेला नाही.

हे शिकण्याची खरी जागा मोठ्या शहरातलं रुग्णालय नाहीच. मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशावर केलेलं काम मराठवाड्याला माहीत आहे. जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तिथे त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण उशाशी बसून पाहिले आणि त्या निरीक्षणातून जगभर वापरले जाणारे उपचार उभे राहिले. मुखेड, देगलूर, उदगीर, निलंगा, किनवटजवळचं गोकुंदा, इथली सरकारी रुग्णालयं शिकण्यासाठी फार मोलाची आहेत. तिथे गर्दी विद्यार्थ्यांची नसते, रुग्णांची असते. तरीही आमच्या मुली तिथे फारशा जात नाहीत. कॉलेजपासून किती अंतरावरचं रुग्णालय चालेल याचे नियम आहेत, राहण्याची सोय नाही, सोबत जायला पाठ्यनिर्देशिका नाही. डॉक्टरांच्या बाबतीत हा अडथळा दूर झालेला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करणं सक्तीचं केलं आहे. एमडी, एमएस करणाऱ्यांसाठी हे जमतं, तर बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींसाठी का जमू नये?

भाषेचाही मुद्दा आहे आणि तो मला फार जवळचा वाटतो. देगलूर, धर्माबाद, किनवटकडे तेलुगू बोलणारे रुग्ण येतात. उदगीर, देवणीकडे कन्नड आणि उर्दू. तांड्यावरची बाई घाबरली की गोरमाटीतच बोलते. माहूर-किनवटच्या डोंगराळ भागात गोंडी आणि कोलामी आहे. आमच्या वर्गात तांड्यावरून आलेल्या मुली असतात, सीमेवरच्या गावांतल्या असतात. लेबर रूममध्ये कळा देणाऱ्या बाईला तिच्या बोलीत "आता जोर लाव, आता थांब" सांगणारी मुलगी असली, की सिस्टरचं निम्मं काम सोपं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रुग्णालयाला विद्यार्थिनींकडून मिळू शकणारी ही मदत आहे. पण कोणती मुलगी कोणती भाषा बोलते, हे कॉलेजनं रुग्णालयाला कधी कळवलेलं नसतं.

मराठवाड्याला अशा नात्याचा वारसा नाही, असं कोणी समजू नये. १९७४ साली अंबाजोगाईसारख्या तालुक्याच्या गावी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय काढलं गेलं, ते विद्यार्थी खेड्यातल्या रुग्णाच्या जवळ असावेत या विचारानं. १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातूरला विवेकानंद रुग्णालय सुरू केलं तेव्हा शहराच्या बाहेर पाहण्याची दृष्टी त्यांच्याकडे होती. विदर्भात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एमबीबीएसची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे मुक्कामी शिबिर करते आणि पुढेही त्याच घरांकडे पुन्हा पुन्हा जाते. सेवाग्रामच्या त्या गावांना कॉलेज म्हणजे काय हे ठाऊक असतं. आमच्या मुली ज्या वॉर्डांत महिनोन्महिने उभ्या राहतात, तिथल्या सिस्टरना या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या कोण हेही ठाऊक नसतं.

थोडं मागे गेलं तर १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातातला दिवा आठवतो. त्यांचा व्यवहार किती पक्का होता, हे कमी सांगितलं जातं. शाळा चालवणारा निधी आणि रुग्णालय यांच्यात रीतसर करार होता, आणि मुलींना शिकवण्याबद्दल मेट्रनला आणि वॉर्डच्या सिस्टरना निधीतून वेगळे पैसे दिले जात. शिकवणं हे वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे द्यावेत, ही गोष्ट तेव्हा ठरलेली होती. आज ब्रिटनमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामाचे २,३०० तास पूर्ण करावे लागतात, आणि या काळात त्याच्यावर देखरेख करणारी आणि त्याचं मूल्यमापन करणारी व्यक्ती ठरवून दिलेली असते. आमच्याकडे लॉगबुकावर सही कोणाची, तर महिन्याच्या शेवटी जी सापडेल तिची.

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३. विष्णुपुरीच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालकं होती. देशभर बातमी झाली, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. औषधं, रिक्त पदं, आसपासच्या जिल्ह्यांतून अगदी शेवटच्या क्षणी येणारे रुग्ण, या सगळ्यावर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्या चर्चेत मला एक गोष्ट राहून गेलेली दिसली. जिथे सिस्टर कमी असतात तिथे दोन गोष्टी एकदम होतात. विद्यार्थिनींना शिकवायला कोणी उरत नाही, आणि त्याच विद्यार्थिनी बिनपगारी हात म्हणून वापरल्या जातात. हे कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाला लागू आहे. नवजात बाळांच्या कक्षात काम करणारी सिस्टर तयार व्हायला वर्षं लागतात. आज ज्या मुली या वॉर्डांत नुसत्या लांबून बघतात, त्याच पाच वर्षांनी तिथल्या ड्युटीवर असणार आहेत. म्हणून रिक्त पदं भरण्याची मागणी आणि शिकवण्याची मागणी एकाच निवेदनात असली पाहिजे.

मग करायचं काय? पैशापासून सुरुवात करते. कॉलेजं दर विद्यार्थिनीमागे जे शुल्क भरतात, त्यातला ठरावीक वाटा ज्या वॉर्डात शिकवलं गेलं त्या वॉर्डाकडे परत आला पाहिजे. रुग्ण कल्याण समितीमार्फत हे करता येईल. त्यातून शिकवणाऱ्या परिसेविकेला मानधन द्यावं आणि वॉर्डाला दोन जादा बीपी मशीन, काचेच्या टेस्ट ट्यूब, पडदे मिळावेत. या सिस्टरना आरोग्य विज्ञान विद्यापीठानं क्लिनिकल शिक्षिका म्हणून रीतसर मान्यता द्यावी, प्रमाणपत्र द्यावं आणि बढतीत त्याचा विचार व्हावा. फुटलेल्या थर्मामीटरची जबाबदारी कॉलेजनं घ्यावी आणि तसं करारात लिहावं.

दुसरं काम जिल्हाधिकारी एका बैठकीत करू शकतात. अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, सगळ्या कॉलेजांचे प्राचार्य आणि वॉर्डांच्या परिसेविका यांना एका टेबलावर बसवायचं आणि जिल्ह्याचं एकच पोस्टिंग वेळापत्रक करायचं. कोणत्या आठवड्यात कोणत्या वॉर्डात कोणतं कॉलेज, हे सगळ्यांसमोर ठरेल. मंजूर खाटांऐवजी प्रत्यक्ष दाखल रुग्ण मोजले, की एका वॉर्डात किती मुली मावतात ते आपोआप कळेल. परिसेविकांना या बैठकीत मी मुद्दाम धरलं आहे. त्यांना वगळून केलेलं वेळापत्रक पहिल्या आठवड्यातच मोडतं.

आणि कॉलेजांनीही द्यायला शिकलं पाहिजे. आमच्या इमारतींमध्ये स्किल लॅब आहेत, त्यांत बाळंतपणाचे, बाळाला श्वास देण्याचे पुतळे आहेत. तपासणी समिती येते तेव्हा त्यांच्यावरची धूळ पुसली जाते. त्या लॅब रुग्णालयाच्या सिस्टरना दर आठवड्याला एक दुपार उघड्या करून द्या. नुकत्याच कंत्राटी भरतीनं आलेल्या मुलीला जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात काय करायचं याचा सराव तिथे करता येईल. आमची पाठ्यनिर्देशिका वॉर्डात असेल तेव्हा तिनं खुर्ची शोधू नये, दोन रुग्ण अंगावर घ्यावेत. विद्यार्थिनींना शिकवता शिकवता त्या दोन रुग्णांची पूर्ण शुश्रूषा झाली तर सिस्टरला त्या दिवशी कॉलेजचं ओझं वाटणार नाही.

विद्यापीठाच्या तपासणीबद्दलही बोलायला हवं. नाशिकहून समिती येते, जमीन किती, वर्गखोल्या किती, पुस्तकं किती हे मोजते, रुग्णालयाचं पत्र पाहते आणि जाते. समितीनं रात्री आठला, न कळवता, वॉर्डात यावं. तिथल्या विद्यार्थिनीला विचारावं की तुझा रुग्ण कोण, त्याला काय झालंय, आज त्याच्यासाठी तू काय केलंस. संसदेनं २०२३ मध्ये १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी नवा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा केला आहे. नव्या व्यवस्थेत तपासणीचा हा भाग बदलून घ्यायला हीच वेळ आहे.

या सगळ्यात रुग्णाचा शब्द शेवटी येतो, तो आधी यायला हवा होता. कळा देणाऱ्या बाईची तपासणी किती जणींनी करायची याला मर्यादा हवी आणि तिला विचारून करायला हवी. ती गरीब आहे आणि सरकारी दवाखान्यात आली आहे, म्हणून तिचं शरीर शिकवण्याची वस्तू होत नाही. आमच्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवलं पाहिजे. "मावशी, मी शिकाऊ आहे, सिस्टर माझ्यासोबत आहेत, मी बघू का?" एवढं नम्रपणे विचारलं तर आपल्या भागातल्या बाया सहसा नाही म्हणत नाहीत. "बघ लेकरा" म्हणतात.

राहिला प्रश्न रात्रीचा. बाळंतपणं रात्री होतात, हृदयविकाराचे झटके पहाटे येतात, साप रात्री चावतात. आमच्या मुली मात्र बहुतेक दिवसाच वॉर्डात असतात. रात्रपाळी वहीत असते, प्रत्यक्षात क्वचित. कारण विष्णुपुरीहून रात्री परतायला सुरक्षित वाहन नाही, रुग्णालयात मुलींना टेकायला खोली नाही, सोबत राहणारी पाठ्यनिर्देशिका नाही. लोहा, कंधार, जळकोटहून मुलगी पाठवणाऱ्या बापाची काळजी मला कळते. त्या काळजीवर उपाय आहे. कॉलेजची गाडी आणि रात्रीची पाठ्यनिर्देशिका कॉलेजनं द्यावी, कुलूप लागणारी, स्वच्छतागृह असलेली एक खोली रुग्णालयानं द्यावी, आणि दोन्ही गोष्टी करारात लिहाव्यात.

लातूर आणि नांदेडनं प्रवेशपरीक्षांच्या तयारीत नाव कमावलं आहे. कोणत्या कॉलेजला किती मार्कांवर सीट लागते हे इथल्या पालकांना तोंडपाठ असतं. येत्या प्रवेशाच्या वेळी त्यांनी कॉलेजच्या ऑफिसात आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. माझी मुलगी रात्रपाळीला कोणत्या रुग्णालयाच्या कोणत्या वॉर्डात असेल? आणि तिथे तिला शिकवणाऱ्या सिस्टरचं नाव काय?